माग थांबल्यावर

लाइट गेली की सगळं बऱ्हाणपूर कपाळाला हात लावायचं, आणि आमच्या गणिताच्या मॅडम गॅसवरचा चहा तसाच बंद करून वरच्या मजल्यावर पळायच्या.

राजपुरा वस्तीतल्या त्यांच्या घरात खाली पॉवरलूम होते. वडिलांनी बसवलेले, आता धाकटा भाऊ चालवायचा. त्यांच्या एकट्याच्या घरात होते असंही नाही. समोर, शेजारी, मागच्या गल्लीत, सगळीकडे तीच खडखड. त्या भागातली माणसं मोठ्यानं बोलतात ती भांडखोर म्हणून नव्हे, सवयीनं. पण लाइट गेली की सगळे माग एकदम थांबायचे आणि गल्लीच्या टोकाला कुणी सायकलची घंटी वाजवली तरी ती घरात ऐकू यायची. मॅडम या शांततेची वाट बघत बसलेल्या असायच्या. वीजकपातीचं वेळापत्रक त्यांनी पेपरातून कापून दारामागे चिकटवलं होतं. लोक इन्व्हर्टर घेतात पंख्यासाठी. मॅडमनी घेतला होता गाण्यासाठी. मे महिन्यातसुद्धा गाणं चालू असेपर्यंत पंखा बंद. त्याची घरघर त्यांना गाण्यात नको असायची.

मी मूळची जळगावची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून बऱ्हाणपुरात आले. बऱ्हाणपूर तेव्हा नवीन जिल्हा झालेलं होतं. ऑफिसं उघडत होती, बाहेरगावची माणसं येत होती, चौकातलं कॅसेटचं दुकान जाऊन तिथे मोबाइलचं दुकान येत होतं. एका खासगी शाळेत मला समाजशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि स्टाफरूममध्ये मॅडमच्या शेजारची खुर्ची मिळाली. ती रिकामी का होती ते लवकरच कळलं.

मॅडम पन्नाशीच्या पुढच्या, लग्न न केलेल्या, उंच. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात मुलांचे असतात तसे पांढरे बूट. वर्गात हिंदी, स्टाफरूममध्ये मराठी, आणि दोन्हीकडे आवाज सारखाच मोठा. मुलांनी गणित सोडवताना मधल्या पायरीवर दशांश कापला की त्या बरोबर उत्तरालासुद्धा अर्धे गुण द्यायच्या. पालक तक्रार घेऊन आले की शांतपणे सांगायच्या, काय टाकायचं ते शेवटी ठरवायचं, मधे टाकलेलं परत सापडत नाही. पालक मुख्याध्यापकांकडे जायचे. मुख्याध्यापक हात जोडून म्हणायचे, त्यांचं असंच आहे.

एकदा मधल्या सुट्टीत मी मोबाइलवर गाणं ऐकत होते. त्या काळी दुकानात कार्ड नेऊन दिलं की दुकानदार त्यात पाच-सातशे गाणी भरून द्यायचा. मॅडमनी न विचारता माझ्या एका कानातला इअरफोन काढून आपल्या कानात घातला, डोळे मिटून थोडं ऐकलं आणि परत दिला.

"गाणं चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण ही झेरॉक्सची झेरॉक्स आहे. वाचता येतं, इतकंच."

मला राग आला होता. पण त्याच संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं आणि लाइट जायची वाट बघायला लावली. लाइट गेली, खालचे माग थांबले, आणि तेच गाणं त्यांच्या स्पीकरवर लागलं. मला काय वेगळं ऐकू आलं ते आजही नीट सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की गाणाऱ्या बाईनं ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास मला पहिल्यांदा ऐकू आला आणि मी मागे वळून पाहिलं.

त्यानंतर मी तिकडे जात राहिले, आणि त्यांची पद्धत हळूहळू कळत गेली. माग चालू असले की त्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवायच्या, कारण त्या कामाला शांतता लागत नाही. सीडी मलमलच्या तुकड्यानं आतून बाहेर पुसायची, गोल गोल कधीच नाही. प्रत्येक सीडी दोनदा उतरवायची, आणि दोन्ही प्रती अगदी तंतोतंत जुळल्या तरच ठेवायची. सगळं फ्लॅक नावाच्या फाइल-प्रकारात. वेव्ह नावाचा जो दुसरा प्रकार असतो त्यातही गाणं पूर्ण राहतं, पण जागा जवळजवळ दुप्पट लागते, आणि गाणाऱ्याचं नाव, राग, साल यांतलं काहीच त्यात नीट टिकत नाही. मॅडम म्हणायच्या, माणूस धडधाकट, पण नाव विचारलं तर सांगता येत नाही, असं कसं चालेल?

भावाला हे सगळं खूळ वाटायचं. एवढी मोठी हार्ड डिस्क कशाला, आमच्या कारागिरांच्या मोबाइलमध्ये याहून जास्त गाणी आहेत, असं तो एकदा म्हणाला. मॅडम खाली गेल्या आणि कोऱ्या कापडाचा वारभर तुकडा घेऊन आल्या. त्याची घट्ट घडी घातली, बिस्किटाच्या डब्यात बसवली, परत काढून उलगडली. कापड होतं तसं. हा फ्लॅक, त्या म्हणाल्या. मग कात्री घेतली, दोन्ही बाजूंची किनार कापून टाकली आणि उरलेलं कापड डब्यात टाकलं. हा मोबाइलमधला एमपीथ्री, आणि वर हे लोक म्हणतात की किनारीकडे बघतं कोण!

भाऊ कापलेल्या किनारीकडे बघत राहिला. किनार खराब निघाली म्हणून व्यापाऱ्यानं परत पाठवलेले तागे त्यानं जन्मभर पाहिले होते. "हां," तो म्हणाला, "मग बरोबर आहे." त्यानंतर त्यानं हार्ड डिस्कवरून कधी वाद घातला नाही.

माझ्या नवऱ्याला त्याच्या भावानं परदेशातून एक फोन पाठवला. त्या फोनवर फ्लॅक चालत नव्हता. मी म्हटलं, मॅडम, आम्हाला एमपीथ्रीच द्या, आम्हाला चालेल. त्यांनी कार्ड ठेवून घेतलं आणि दोन दिवसांनी सगळी गाणी त्या फोनला चालणाऱ्या, पण काहीही न गाळणाऱ्या दुसऱ्याच प्रकारात बदलून दिली. घडी घालायची रीत बदलली तर मला चालतं, पण माझ्या हातून कात्री लागणार नाही, असं म्हणाल्या.

हा आग्रह एकदा आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या सरांना नडला. सर तरुण, उत्साही. मॅडमना खूश करावं म्हणून त्यांनी स्वतःकडची सगळी एमपीथ्री गाणी खपून फ्लॅकमध्ये बदलली आणि पेन ड्राइव्ह भरून आणून दिला. मॅडमनी त्यातलं एक गाणं एका प्रोग्रॅममध्ये उघडलं. आवाजाचं चित्र काढणारा प्रोग्रॅम होता तो. खाली जाड स्वर, वर बारीक. सरांच्या गाण्याच्या चित्रात एका उंचीच्या वर सगळं कोरं होतं, पट्टी लावून कापल्यासारखं.

"सर, हे आधीच कापलेलं आहे," मॅडम म्हणाल्या. "कापलेल्या कापडाची तुम्ही सुंदर घडी घातलीत."

स्टाफरूममध्ये दोघंतिघं हसले. सरांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले की चित्रात दिसतं ते मान्य, पण गाणं आपण डोळ्यांनी ऐकत नाही. हा फरक मॅडमना नुसत्या कानांनी ओळखता येतो का?

मॅडम म्हणाल्या, या रविवारी घरी या.

परीक्षेचे नियम मॅडमनीच ठरवले. एकेक तुकडा दोनदा वाजणार, एकदा पूर्ण आणि एकदा कापलेला. आधी कुठला, ते सर नाणं उडवून ठरवणार. ऐकणारे भिंतीकडे तोंड करून बसणार आणि आपापल्या कागदावर लिहिणार. ऐकायला चौघं होतो. मॅडम, भाऊ, मी आणि भावाची सून वर्षा. वर्षा निंबोल्याची. केळीच्या बागांमधलं घर, बी.कॉम. झालेली, लग्न होऊन वर्ष झालेलं, तोंडाची चुरचुरीत. ती खरं तर आम्हाला पोहे द्यायला वर आली होती. मॅडमनी तिलाही कागद दिला.

दुपारी लाइट गेली. सरांनी तुकडे वाजवले. मॅडम ताठ बसून, डोळे मिटून ऐकत होत्या आणि जराही न अडखळता लिहीत होत्या. संपल्यावर सरांनी कागद तपासले. माझे निम्मे बरोबर, भावाचे निम्म्याहून कमी. मॅडमचा कागद त्यांनी दोनदा पाहिला आणि खाली ठेवला. मॅडमनी तो उचलून स्वतः तपासला.

"निम्मे," त्या म्हणाल्या. "नाणं उडवलं असतं तरी इतकेच आले असते."

वर्षाचा एक सोडून सगळे बरोबर होते.

सर गडबडून गेले. कॉम्प्युटर जुना आहे, तुकडे मीच नीट निवडले नाहीत, असं काहीबाही बोलू लागले. मॅडमनी त्यांना थांबवलं. परीक्षा चोख होती, म्हणाल्या. मग वर्षाकडे वळून विचारलं, तुला काय ऐकू आलं?

वर्षा लाजली नाही. "फुई," ती म्हणाली. आत्याला तिकडे फुई म्हणतात. "झांज वाजली न, का तिचा आवाज जरा वेळ हवेत राहते. एकात तो तसाच राहते अन् दुसऱ्यात पाण्यात पडल्यासारखा होऊन जाते. तुम्हाला नाही येत ऐकू?"

तेवढ्यात लाइट आली आणि खालचे माग सुरू झाले. बोलायची सोयच राहिली नाही.

पुढच्या काही दिवसांत मुलांच्या वह्यांवर लाल रेघा कमी झाल्या. मग एका शनिवारी त्यांनी मला विचारलं की जळगावला माहेरी कधी जाणार आहेस. कानाच्या डॉक्टरकडे जायचं होतं, आणि बऱ्हाणपुरात दाखवलं तर संध्याकाळपर्यंत राजपुराभर होईल, अशी त्यांना धास्ती.

जळगावला डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि बारीक बारीक आवाज ऐकवले. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून पाहत होते. मॅडमचं बोट पुष्कळ वेळ बटणावर नुसतं टेकून राहायचं. शेवटी डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. रेघ डावीकडे बरी चालली होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, उतारावरून घसरावी तशी खाली गेली होती. डॉक्टर समजावू लागले, कारखान्यात काम केलं आहे का वगैरे विचारू लागले. मॅडम आलेखाकडेच पाहत होत्या, आणि एकाएकी हसल्या.

"वरचं सगळं कापलेलं," त्या मला म्हणाल्या. "अगं, मी स्वतःच एमपीथ्री आहे."

डॉक्टरांना काही उमगलं नाही. मॅडमनी मात्र त्यांना नीट प्रश्न विचारले. गेलेलं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं. मागांच्या आवाजात जन्म काढलेल्यांचं असंच होतं, आणि हळूहळू होतं म्हणून कळत नाही. उरलेलं जपा. घरात लहान कोण कोण आहे, असंही त्यांनी विचारलं.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. रावेर गेल्यावर मी विचारलं की मग आता ती सगळी मेहनत, ते दोनदा उतरवणं, बंद करणार का?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मधल्या पायरीवर दशांश कापलाय.

"मला ऐकू येत नाही म्हणून गाण्यातून काढून टाकू?" त्या म्हणाल्या. "ते काय माझ्या एकटीच्या कानांसाठी गायलं होतं?"

मग बऱ्याच वेळानं, बाहेर केळीच्या बागा मागे पडत असताना, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की वर्षाला दिवस गेलेत.

मॅडमनी आयुष्यात त्या मागांविरुद्ध एक शब्द काढला नव्हता. आवाज होता, तो होताच. त्याच्या फटीफटीतून त्यांनी आपलं गाणं ऐकलं होतं. पण त्या आठवड्यात त्यांनी आधी कारागिरांसाठी कानात घालायच्या बोळ्यांची पेटी आणली. कारागिरांनी ते बोळे आदरानं घेतले आणि खिशात ठेवले. कान बंद केले तर धागा तुटल्याचं कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. मॅडम रोज खाली जाऊन एकेकाच्या मागे लागल्या, तेव्हा दोघं-तिघं निदान एका कानात घालू लागले. मग त्यांनी भावाला सांगितलं की माग घरातून हलव. गावाबाहेर शेड मिळतात, तिकडे ने.

मी तेव्हा तिथेच होते, आणि जावं की थांबावं ते मला कळत नव्हतं. भाऊ आधी हसला. मग त्याला कळलं की ही खरंच सांगते आहे. शेड घ्यायची, कारागिरांनी रोज तेवढं लांब जायचं, रात्रपाळीला लक्ष कुणी ठेवायचं, हे सगळं त्यानं बोलून दाखवलं. त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "ताई, याच आवाजावर तू शिकली. बाबांनी याच्यावरच तुला इंदूरला ठेवलं. अन् आज तुला तो टोचून राहिला?"

"मी फेडलं त्याचं ऋण," मॅडम म्हणाल्या. "कान देऊन फेडलं. पोटातल्या पोरानं कशाला द्यायचे?"

भाऊ उठून खाली गेला. त्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं तुटलं. एका घरात राहायचे, एका ताटलीतली पोळी घ्यायचे, पण निरोप वर्षामार्फत. वर्षा हैराण झाली. मला एकदा म्हणाली, काकू, मी या घरचा टेलिफोन होऊन गेली.

सातव्या महिन्यानंतर वर्षा बाळंतपणाला निंबोल्याला निघाली. तिचे वडील घ्यायला आले होते. ओटी भरून झाली, सगळे दारात उभे होते, आणि मॅडमनी सगळ्यांच्या देखत वर्षाला सांगितलं की माग हलल्याशिवाय पोराला या घरात आणू नको. वर्षाचे वडील गोंधळून व्याह्यांकडे बघू लागले. भाऊ लालबुंद झाला. ओटी भरलेल्या सुनेला कुणी असं बोलतं का, असं गल्ली पुढे कितीतरी दिवस बोलत होती. शाळेत मीही मॅडमना म्हटलं की हे जरा जास्त झालं. त्या म्हणाल्या, झालं असेल.

मुलगी झाली. सव्वा महिना झाला, मग दोन महिने झाले, तीन झाले, वर्षा आली नाही. ती फुईचं ऐकत होती की तिलाच माहेरी बरं वाटत होतं, ते तिनं कधी सांगितलं नाही. नवरा दर रविवारी जाऊन यायचा. शेवटी भाऊ स्वतः नातीला बघायला गेला आणि दोन दिवस राहिला.

पुढे काय झालं ते त्यानंच मला नंतर सांगितलं. दुपारी तो ओट्यावर बसला होता, पोरगी झोळीत झोपली होती, आणि झोपेत ती शिंकली. एवढीशी शिंक, मांजराच्या पिलासारखी. त्याला हसू आलं. आणि मग त्याला आठवेना, आपला पोरगा एवढा असताना कधी शिंकला होता का. "शिंकलाच असेल न, मॅडमजी," तो मला म्हणाला. "मी त्याच्या बाजूलाच बसून राहायचो. पण मला त्याची शिंक ठाऊक नाही."

निंबोल्याहून परत आल्यावर तो बहिणीशी बोलला नाही. शेड बघायला गेला. ते पुढे तीन-चार महिने चाललं. एकेक माग सुटा होऊन टेम्पोत चढला. कारागीर कुरकुरले, दोघं सोडून दुसरीकडे गेले. शेवटचा माग निघाला त्या संध्याकाळी भाऊ वर आला आणि मॅडमसमोर खुर्ची ओढून बसला. काय बोलले ते मला माहीत नाही. मॅडमनी एवढंच सांगितलं की त्यानं चहा मागितला.

मला वाटलं होतं, आता मॅडमना दिवसभर गाणं. शेजारपाजारची खडखड होती, पण खालची जागा रिकामी झाल्यानं घरात पुष्कळ फरक पडला होता. तसं मी म्हटलंही. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. घरातली खडखड गेली आणि त्यांच्या स्वतःच्या कानात एक बारीक शिट्टी वाजत असते, हे त्यांना कळलं. बहुधा फार वर्षांपासून वाजत होती, मागांच्या खाली दडलेली. डॉक्टर म्हणाले, तिला औषध नाही. मॅडमनी ते एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. सीडी उतरवण्याचं काम मात्र चालूच होतं, प्रत्येक दोनदा.

बदली होऊन आम्ही बऱ्हाणपूर सोडलं त्याआधी मी त्यांना भेटायला गेले होते. सकाळची वेळ होती. वर्षा पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, पोरगी दीडेक वर्षाची. मॅडमनी एक ठुमरी लावली होती, स्वतः किती वेळा ऐकली असेल याची गणती नाही अशी. पोरगी खेळता खेळता थांबली. तिनं स्पीकरकडे नाही पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं. मग तिनं वर्षाचं मनगट पकडून हलवलं.

"काय झालं तिला?" मॅडमनी विचारलं.

"बांगड्या वाजल्या न, फुई," वर्षा म्हणाली. "तिला वाटलं माझ्याच."

"कुठं वाजल्या?"

"गाण्यात. ती बाई गाताना हात हलवत असेल. नेहमीच वाजतात तिथं."

मॅडमनी उठून गाणं मागे नेलं आणि परत लावलं. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. त्या पोरीसमोर जमिनीवर बसल्या आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. ती ओळ आली. पोरीनं पुन्हा आईच्या हाताकडे मान वळवली, आणि मॅडमच्या तोंडून, ऐन समेवर यावी तशी, हलकीच "वा" अशी दाद आली.